वैवाहिक अधिवास व नागरिकत्व : हिंगोलीचा सीमाप्रदेश

विवाहामुळे एका राज्याच्या किंवा देशाच्या रहिवाशाला आपल्या जोडीदाराच्या राज्यात राहण्याचा, तेथे नोकरी करण्याचा आणि कालांतराने तेथील नागरिक होण्याचा जो अधिकार प्राप्त होतो किंवा नाकारला जातो, त्यासंबंधीच्या नियमांचा विचार ‘वैवाहिक अधिवास’ या संज्ञेखाली करता येतो. अधिवास म्हणजे कायम वास्तव्याच्या हेतूने स्वीकारलेले विधिमान्य ठिकाण, तर नागरिकत्व म्हणजे व्यक्ती आणि राज्य यांच्यातील राजकीय बंध होय. या दोहोंचा परस्परसंबंध निकटचा असला, तरी त्या भिन्न संकल्पना आहेत. एखादी व्यक्ती एका देशाची नागरिक असून दुसऱ्या देशात अधिवासी असू शकते.

महाराष्ट्रात हा प्रश्न सामान्यतः परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या संदर्भात चर्चिला जातो. तथापि मराठवाड्यात, विशेषतः हिंगोली जिल्ह्याच्या भूभागात, तो त्याच्या फार पूर्वी उपस्थित झाला होता. १९४८ पर्यंत या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर दोन भिन्न राज्यव्यवस्था एकमेकींस भिडल्या होत्या आणि त्यांच्यामधून सोयरिकी होत होत्या. या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. विवाहानंतर स्त्री घर बदलते, हे समाजाने गृहीत धरले व कायद्याने त्या गृहीताला नियमाचे रूप दिले. त्यामुळे स्त्रीला नव्या राज्यात प्रवेश सुलभ झाला. परंतु तेथील तिचा हक्क पतीच्या हक्कावर अवलंबून राहिला. हे अवलंबित्व कितपत कमी झाले, हाच या विषयाच्या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे.

विधिसंकल्पनेची पार्श्वभूमी : विवाहाने वधू पतीच्या गोत्रात प्रविष्ट होते, ही हिंदू समाजातील रूढ कल्पना आहे. माहेर आणि सासर हे मराठीतील शब्दयुग्म हीच व्यवस्था व्यक्त करते. पत्नीच्या घरी राहावयास येणाऱ्या पुरुषाला ‘घरजावई’ म्हणतात आणि त्या शब्दातील किंचित उपहासाची छटा पाहता समाजाने ही उलट दिशा अपवादात्मक मानली होती, हे ध्यानात येते. यूरोपीय विधिव्यवस्थांनीही याच गृहीताचा अवलंब केला. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेनुसार परकीय स्त्री फ्रेंच पुरुषाशी विवाह केल्यास पतीची स्थिती अनुसरत असे. ब्रिटिश साम्राज्यात १८७० च्या व पुढे १९१४ च्या अधिनियमान्वये ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजन आणि परकीयाची पत्नी परकीय मानली जाई. म्हणजे जन्माने ब्रिटिश असलेली स्त्रीही विवाहामुळे स्वतःच्या देशात परकी ठरू शके. अमेरिकेने १९०७ मध्ये असाच नियम केला. १९२२ च्या केबल अधिनियमाने तो बव्हंशी रद्द झाला. परंतु नागरिकत्वास अपात्र मानलेल्या परकीयांशी विवाह करणाऱ्या स्त्रियांना १९३१ पर्यंत त्याचा लाभ मिळाला नाही. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरविल्यामुळे भारतीयांशी विवाहबद्ध झालेल्या अमेरिकन स्त्रियांनाही याची झळ लागली.

महाराष्ट्राच्या शेजारी पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात १८६७ च्या नागरी संहितेनुसार पोर्तुगीज नागरिकाशी विवाह करणारी परकीय स्त्री पोर्तुगीज ठरे. उलटपक्षी परकीयाशी विवाह करणारी पोर्तुगीज स्त्री, पतीचे राष्ट्रीयत्व तिला मिळत असल्यास, आपले राष्ट्रीयत्व गमावीत असे. सावंतवाडीची मुलगी पेडण्यास दिली वा पेडण्याची मुलगी सावंतवाडीस आली, तर दोन्ही घरांच्या दृष्टीने ती नित्याची सोयरीक असे. विधीच्या दृष्टीने मात्र तीत दोन सार्वभौम सत्तांचा प्रश्न गुंतलेला होता. भारतात अधिवासाविषयी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ मध्ये विवाहाने स्त्रीला पतीचा अधिवास प्राप्त होतो, असे तत्त्व नमूद आहे. कलम १६ नुसार विवाह टिकून असेपर्यंत, काही अपवाद वगळता, तिचा अधिवास पतीच्या अधिवासास अनुसरतो. या अधिनियमाचा विषय उत्तराधिकार हा असला, तरी त्यातील विचार त्या काळच्या सर्व विधिव्यवस्थांना समान होता.

पैनगंगेची सीमा : सध्याचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ हे त्यातील तालुके होत. जिल्ह्याच्या उत्तर सीमेचा बराच भाग पैनगंगा नदीने आखलेला असून पलीकडे वाशिम व यवतमाळ हे जिल्हे येतात. निजामाच्या राजवटीत हिंगोलीचा प्रदेश परभणी जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानात होता. पलीकडचा प्रदेश वऱ्हाडात मोडत असे.

वऱ्हाडची राजकीय स्थिती काहीशी असाधारण होती. हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने हा प्रांत ब्रिटिशांच्या ताब्यात देण्यात आला. या फौजेची एक छावणी हिंगोली येथेच होती. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ब्रिटिशांकडे कायम पट्ट्याने गेला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास प्रशासनदृष्ट्या जोडण्यात आला, आणि त्याच सुमारास तैनाती फौजेची पुनर्रचना होऊन हिंगोलीची छावणी उठली. निजामाचे वऱ्हाडवरील नाममात्र सार्वभौमत्व मात्र करारात मान्य होते. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसास ‘वऱ्हाडचा युवराज’ ही पदवीही देण्यात आली. अशा रीतीने पैनगंगेचा उत्तर तीर कागदोपत्री निजामाचा आणि व्यवहारात ब्रिटिश कारभाराखालचा होता.

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ही सीमा कितपत खरी होती, याचे उत्तर दैनंदिन व्यवहारात सापडते. दक्षिण तीरावर हाली शिक्का चाले, उत्तर तीरावर कलदार रुपया. मालाच्या ने-आणीवर संस्थानचे करोडगिरी खाते जकात घेत असे. वऱ्हाडातील कचेऱ्यांत व न्यायालयांत मराठीला स्थान होते. संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. पुसद, उमरखेड, वाशिम, रिसोड या बाजूची मुलगी कळमनुरी किंवा हिंगोलीकडे दिली जाई, तेव्हा भाषा, देवदेवक, सण व पीकपाणी यांत तिला फारसे अंतर जाणवत नसे. परंतु चलन, कायदा, न्यायालय आणि सरकारी कागदाची लिपी ही सर्व बदललेली असत. नांदेड-परभणीकडून लोहमार्गाचा पूर्णा–हिंगोली हा फाटा निजामाच्या काळात झाला. तो वाशिम–अकोला–खांडवा या दिशेने जोडला जाण्यास मात्र स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला.

मुल्की नियम : हैदराबाद संस्थानात ‘मुल्की’ (मूळ शब्द ‘मुल्क’ = देश) ही संज्ञा देशवासी या अर्थाने रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून व ब्रिटिश प्रांतांतून आलेल्या शिक्षित नोकरवर्गास संस्थानात मोठी पदे मिळू लागली, तेव्हा स्थानिकांत असंतोष निर्माण झाला. त्यातून शासकीय सेवेत मुल्कींना प्राधान्य देणारे आदेश निघाले. प्रारंभीच्या व्याख्येत १२ वर्षांचे वास्तव्य किंवा सेवा ही कसोटी होती आणि तिचा लाभ पुरुष वंशजांकडे जाई. पुढे १९१९ च्या फर्मानाने हे नियम व्यवस्थित संहिताबद्ध झाले.

या नियमांनुसार चार प्रकारच्या व्यक्ती मुल्की ठरत : (१) जन्माने संस्थानची प्रजा असलेली व्यक्ती, (२) वास्तव्यामुळे हक्क प्राप्त झालेली व्यक्ती, (३) जिच्या जन्मसमयी तिचा पिता शासकीय सेवेत असून त्याची १५ वर्षांची सेवा पूर्ण झालेली होती, अशी व्यक्ती, आणि (४) मुल्की पुरुषाची पत्नी. जन्माने प्रजा कोण, याची कसोटी जन्मसमयी पिता मुल्की असणे ही होती. वास्तव्याने मुल्की होण्यास किमान १५ वर्षांचे कायम वास्तव्य, पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडल्याची ग्वाही व दंडाधिकाऱ्याने साक्षांकित केलेले विहित नमुन्यातील प्रतिज्ञापत्र आवश्यक असे.

या यादीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. बाहेरून आलेल्या पुरुषाला जे स्थान मिळविण्यास १५ वर्षे लागत, ते बाहेरून आलेल्या वधूला विवाहाच्या दिवशी प्राप्त होई. या दृष्टीने नियम उदार होता. परंतु ‘मुल्की स्त्रीचा पती’ असा प्रकार यादीत नव्हता. तसेच मुल्की माता व बाहेरचा पिता यांचे अपत्य जन्माने मुल्की होत नसे. म्हणजे हिंगोलीत जन्मलेल्या स्त्रीला आपले देशवासीपण पतीला देता येत नसे आणि मुलांनाही देता येत नसे. वधू म्हणून आलेल्या स्त्रीचे मुल्कीपणही तिच्या जन्मावर किंवा वास्तव्यावर उभे नव्हते. ते पतीच्या मुल्कीपणाचा परिणाम होते.

या नियमांचा प्रत्यक्ष संबंध प्रामुख्याने शासकीय नोकरीशी होता. त्यामुळे शेतकरी वा बलुतेदार कुटुंबातील बहुसंख्य स्त्रियांना त्यांची झळ किंवा लाभ थेट जाणवला नसणार. स्त्रीशिक्षणाचा प्रसार अत्यल्प असल्याने शिक्षिका वा परिचारिका म्हणून नोकरी शोधणाऱ्या स्त्रियाही थोड्या होत्या. तरीही शिकलेल्या मुलाला तलाठ्याची किंवा शिक्षकाची जागा मिळणे, हा सामान्य कुटुंबाच्या उन्नतीचा मार्ग होता व त्या मार्गावर पित्याचे मुल्कीपण विचारले जाई. आजोळी वाढलेल्या मुलाच्या बाबतीत मातेचे माहेर कितीही जवळ असले, तरी ते पुराव्यादाखल चालत नसे.

साम्राज्यातील समकालीन प्रश्न : हैदराबादेत विवाहामुळे बाहेरची स्त्री आतली ठरत होती, त्याच काळात ब्रिटिश साम्राज्याच्या इतर भागांत भारतीयांचा विवाहच अमान्य करून पत्नीचा प्रवेश रोखला जात होता. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांना आपल्या पत्नी मायदेशाहून आणण्याचा हक्क होता. परंतु मार्च १९१३ मध्ये केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बहुपत्नीकत्वास मुभा देणाऱ्या धर्मांच्या विधीने झालेले विवाह तेथील प्रवेशविषयक कायद्यात ग्राह्य नाहीत, असा निर्णय दिला. परिणामतः असंख्य हिंदू, मुस्लिम व पारशी स्त्रिया विधीच्या नजरेत अविवाहित ठरल्या. त्याच वर्षी कस्तुरबा गांधी व इतर स्त्रिया सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेल्या. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी आदल्याच वर्षी, म्हणजे १९१२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला असल्याने महाराष्ट्रात या लढ्याविषयी विशेष आस्था होती. १९१४ च्या इंडियन रिलीफ अधिनियमाने एका पत्नीपुरता असा विवाह मान्य करण्यात आला. पुढे १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेने इतर वसाहतींतील अधिवासी भारतीयांना एक पत्नी व अज्ञान मुले आणण्यास अनुमती देणारा ठराव संमत केला.

या दोन उदाहरणांतील फरक बोधप्रद आहे. जेथे राज्यकर्त्यांना वधूचे आगमन निरुपद्रवी वाटले, तेथे नियम सैल राहिला. जेथे तिच्या आगमनाने एक समाज कायमचा रुजेल अशी भीती वाटली, तेथे विवाहाच्या पुराव्यावरच बोट ठेवण्यात आले. दोन्ही ठिकाणी स्त्रीचा स्वतंत्र हक्क मात्र विचारात घेण्यात आला नाही.

विलीनीकरण व संविधान : १५ ऑगस्ट १९४७ रोजी वऱ्हाड स्वतंत्र भारतात होता, हैदराबाद संस्थान मात्र भारतात सामील झाले नव्हते. १९४७ च्या नोव्हेंबरात जैसे थे करार झाला, तरी रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी सीमा ओलांडून वऱ्हाडात आश्रय घेतला. सीमेलगत हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे तळ होते व उमरखेड हे त्यांपैकी एक ठिकाण होय. अशा वेळी पैनगंगेपलीकडे स्त्रीचे माहेर असणे, हा अनेक घरांचा मोठाच आधार ठरला असणार. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात समाविष्ट झाले आणि नदीच्या दोन्ही तीरांवर एकच सार्वभौम सत्ता आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा व विदर्भ हे दोन्ही विभाग द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तर १ मे १९६० पासून ते महाराष्ट्राचे भाग आहेत.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाने संपूर्ण देशासाठी एकच नागरिकत्व मान्य केले. अनुच्छेद १६ (२) अन्वये शासकीय सेवेत केवळ जन्मस्थान वा निवास यांवरून भेदभाव करण्यास मनाई झाली. अनुच्छेद १६ (३) अन्वये निवासाची अट घालण्याचा अधिकार संसदेस देण्यात आला व अनुच्छेद ३५ (ख) अन्वये पूर्वीचे असे कायदे संसद ते रद्द करीपर्यंत चालू ठेवण्यात आले. याच तरतुदीमुळे मुल्की नियमांचे आयुष्य लांबले. १९५२ मध्ये हैदराबादेत मुल्की आंदोलन झाले. तेलंगण भागासाठी १९५७ च्या केंद्रीय अधिनियमाने केलेली निवासाची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अवैध ठरविली. परंतु ३ ऑक्टोबर १९७२ रोजी त्याच न्यायालयाने मूळ मुल्की नियम वैध असल्याचा निर्णय दिला. त्यावरून आंध्रात उग्र आंदोलन उसळले व अखेर १९७३ च्या निरसन अधिनियमाने मुल्की नियम रद्द झाले. देशातील अंतर्गत अधिवासाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन प्रकरणात, भारतात विधिदृष्ट्या ‘भारताचा अधिवास’ हा एकच अधिवास आहे, असे मत व्यक्त केले. प्रशासनाच्या व्यवहारात मात्र राज्याचे अधिवास प्रमाणपत्र ही बाब टिकून राहिली. महाराष्ट्रात त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याची अट रूढ आहे.

फाळणीमुळे पतीच्या अधिवासाचा प्रश्न अधिक तीव्र झाला. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती अनुच्छेद ७ नुसार भारताची नागरिक मानली जात नाही. पती भारतातच अधिवासी असल्यामुळे आपलाही अधिवास भारतीयच आहे, हा स्थलांतरित पत्नीचा युक्तिवाद बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग (१९५५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारला नाही. म्हणजे अधिवासाबाबत पतीला अनुसरणारी स्त्री स्थलांतराच्या परिणामांना मात्र स्वतंत्रपणे उत्तरदायी ठरली.

नागरिकत्व अधिनियम, १९५५ : या अधिनियमाच्या कलम ५ (१) (ग) मध्ये मूलतः ‘भारतीय नागरिकांशी विवाहित असलेल्या किंवा विवाहित होत्या अशा स्त्रिया’ यांना नोंदणीने नागरिकत्व देण्याची सोय होती. विवाहाने नागरिकत्व आपोआप मिळणार नाही, त्यासाठी अर्ज करावा लागेल, ही जुन्या पद्धतीच्या तुलनेत महत्त्वाची सुधारणा होती, कारण तीत स्त्रीच्या इच्छेला स्थान मिळाले. तसेच भारतीय स्त्रीने परकीयाशी विवाह केल्यामुळे तिचे नागरिकत्व जात नाही; स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारल्यासच ते कलम ९ अन्वये संपुष्टात येते. तथापि भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला नोंदणीचा हा मार्ग उपलब्ध नव्हता. त्याला दीर्घ वास्तव्यानंतर देशीयकरणासाठी अर्ज करावा लागे. भारताबाहेर जन्मलेल्या अपत्याचे वंशपरंपरेने येणारे नागरिकत्वही केवळ पित्याकडून मिळे. मुल्की नियमांतील दोन्ही उणिवा अशा प्रकारे राष्ट्रीय कायद्यात पुन्हा अवतरल्या होत्या.

त्यांचे निराकरण टप्प्याटप्प्याने झाले. १९८६ च्या सुधारणेने ‘स्त्रिया’ या शब्दाऐवजी ‘व्यक्ती’ हा शब्द योजण्यात आला व पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घालण्यात आली. त्यामुळे पती व पत्नी यांना समान वागणूक मिळाली. १९९२ च्या सुधारणेने परदेशात जन्मलेल्या अपत्यास मातेकडूनही नागरिकत्व मिळू लागले. २००३ च्या सुधारणेने वास्तव्याचा कालावधी सात वर्षे झाला : अर्जापूर्वीचे बारा महिने सलग व त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण सहा वर्षे. याच वेळी शब्दरचनेतही एक बदल झाला. ‘विवाहित आहे किंवा होती’ यातील दुसरा पर्याय गळून ‘विवाहित आहे’ एवढेच शब्द उरले. त्यामुळे सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वी वैधव्य वा घटस्फोट आल्यास या उपकलमाचा आधार राहत नाही. २०१५ च्या सुधारणेने परदेशी जोडीदारास, विवाह नोंदणीकृत असून किमान दोन वर्षे टिकून असल्यास, समुद्रपार भारतीय नागरिक (ओसीआय) कार्डधारक म्हणून नोंदणीची सोय झाली. पाकिस्तान व बांगलादेश यांच्याशी पूर्वसंबंध असणारे यातून वगळलेले आहेत व विवाह विसर्जित झाल्यास ही नोंदणी रद्द करता येते.

नोंदणीने नागरिकत्व मागणारा अर्ज अर्जदार ज्या जिल्ह्यात सामान्यतः राहतो, तेथील जिल्हाधिकाऱ्यामार्फत केंद्र शासनाकडे जातो. हैदराबादेच्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील काही मुस्लिम कुटुंबे विभागली जाऊन नातलग कराचीकडे स्थायिक झाले व दोन्ही बाजूंच्या सोयरिकी पुढेही चालू राहिल्या. अशा विवाहांमुळे भारतात आलेल्या स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीच्या प्रवेशपत्राची (व्हिसाची) तरतूद करण्यात आली. याच योजनेत आणखी एक वर्ग आहे : पाकिस्तानी किंवा बांगलादेशी पतीशी विवाह करून ते नागरिकत्व घेतलेल्या आणि वैधव्य वा घटस्फोटामुळे, तेथे आधार न उरल्याने, परत आलेल्या मूळच्या भारतीय स्त्रिया. माहेरी परतलेल्या स्त्रीलाही तेथे राहण्यासाठी परवाना घ्यावा लागतो, हे विवाहाश्रित नागरिकत्वाचे सर्वांत कठोर फलित होय.

परदेशगमन व आजचे नियम : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून उच्च शिक्षण व संगणक उद्योग यांच्या निमित्ताने मराठवाड्यातील तरुण अमेरिका, ब्रिटन व आखाती देशांकडे जाऊ लागले आणि जोडीदाराकडे जाण्याचा प्रश्न या भागातील घरांत नव्या रूपाने आला. देशोदेशीच्या नियमांत तपशिलाची भिन्नता असली, तरी त्यांची मूळ बैठक सारखी आहे : विवाह खरा आहे हे सिद्ध करणे, येथील जोडीदाराचे उत्पन्न व निवास दाखविणे आणि ठराविक काळ एकत्र राहणे. अमेरिकेत नागरिकाशी विवाह केलेल्या व्यक्तीस विवाह दोन वर्षांहून अल्पकाळाचा असल्यास १९८६ च्या कायद्यानुसार प्रथम दोन वर्षांचा सशर्त कायम निवास मिळतो. नागरिकत्वासाठी इतरांना पाच, तर नागरिकाच्या जोडीदारास तीन वर्षांचे वास्तव्य पुरते. परंतु पती तात्पुरत्या नोकरीच्या परवान्यावर असल्यास पत्नीचा परवाना सर्वस्वी त्याच्या परवान्याशी बांधलेला असतो. अशा जोडीदारांना नोकरीची परवानगी बहुधा नव्हती. त्यांच्यापैकी एका वर्गाला ती २०१५ पासून मिळाली. आखाती देशांतही पत्नीचा निवासपरवाना सामान्यतः पतीच्या परवान्यावर अवलंबून असतो व नागरिकत्वाचा मार्ग जवळजवळ बंद आहे.

ब्रिटनचा अनुभव समतेच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथे स्थायिक पुरुषांना पत्नी आणणे सोपे, तर स्थायिक स्त्रियांना पती आणणे कठीण होते. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८५ मध्ये हा लिंगभेद अवैध ठरविला. त्यानंतर ब्रिटिश शासनाने पतींवरील निर्बंध पत्नींनाही लागू करून समता साधली. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनप्रवेश हा नाही, असे सिद्ध करावयास लावणारा नियम १९९७ मध्ये रद्द झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयीच्या १९५७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात विवाह, घटस्फोट किंवा पतीच्या राष्ट्रीयत्वातील बदल यांचा स्त्रीच्या राष्ट्रीयत्वावर आपोआप परिणाम होऊ नये, हे तत्त्व मान्य झाले. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या कराराच्या अनुच्छेद ९ मध्ये त्याचा पुनरुच्चार असून भारताने या दुसऱ्या करारास १९९३ मध्ये अनुसमर्थन दिले.

या सर्व प्रक्रियांत विवाहाचा लेखी पुरावा निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात १९९८ च्या अधिनियमाने विवाहनोंदणीची व्यवस्था करण्यात आली असून खेड्यांत हे काम ग्रामसेवकाकडे असते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निदेश राज्यांना दिले. पूर्वी पंचांच्या साक्षीने पूर्ण होणारा विवाह आता प्रमाणपत्रावाचून परदेशी वकिलातीत ग्राह्य होत नाही. विवाहानंतर नाव बदलण्याच्या रूढीमुळे शाळेच्या दाखल्यावरील माहेरचे नाव आणि पारपत्रावरील सासरचे नाव यांची जुळणी करणे, ही अडचणही प्रामुख्याने स्त्रीच्याच वाट्याला येते. परदेशस्थ पतींनी सोडून दिलेल्या स्त्रियांच्या तक्रारींसाठी २००९ मध्ये राष्ट्रीय महिला आयोगात स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मूल्यमापन : मुल्की नियमांपासून आजपर्यंतच्या सुमारे शंभर वर्षांच्या कालावधीत कायद्याने दोन मोठे टप्पे ओलांडले. एक, विवाहाने स्त्रीचे राज्य वा राष्ट्रीयत्व आपोआप बदलणे थांबले. दोन, पती व पत्नी तसेच पिता व माता यांना भारतीय नागरिकत्व अधिनियमात समान स्थान मिळाले. तिसरा टप्पा अपुरा आहे. जोडीदाराकडे राहावयास गेलेल्या व्यक्तीचा हक्क पहिली काही वर्षे विवाह टिकण्यावर अवलंबून असतो. पूर्वी ते अवलंबित्व नियमांच्या शब्दांत उघडपणे स्त्रीवर लादलेले होते. आता शब्द दोघांसाठी समान आहेत. परंतु घर सोडून जाणारी व्यक्ती बहुतेक प्रसंगी स्त्रीच असल्याने त्याचा भार अद्यापि तिच्यावरच अधिक पडतो. पैनगंगेच्या दोन तीरांमधील सीमा १९४८ मध्ये मिटली व त्याबरोबर तेथील वधूचा प्रश्नही मिटला, कारण संकटसमयी माहेरी परतण्यास तिला कोणाच्या परवान्याची आवश्यकता उरली नाही. दोन सार्वभौम राष्ट्रांमधील विवाहात ही निर्वेधता अजून प्राप्त व्हावयाची आहे. वास्तव्याच्या काळात विवाह संपुष्टात आला, तरी त्या व्यक्तीने तेथे घालविलेली वर्षे तिच्या स्वतःच्या नावे धरली जावीत, हा विचार काही देशांच्या कायद्यांत अत्याचारपीडित जोडीदारापुरता स्वीकारला गेला आहे. त्याची व्याप्ती वाढविणे, हे या विषयातील विधिसुधारणेचे पुढील कार्य होय.